मिरजेची जवारी आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर

गणेशोत्सवात गावोगावी ऑर्केस्ट्रा हेच मोठे आकर्षण असे, त्या काळातला एक व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, गिटार ॲम्प्लिफायर सांगलीतल्या एका परिचितांच्या माळ्यावरून माझ्याकडे आला. त्यावर त्यांचे वडील हवाईयन गिटारवर हिंदी गाणी वाजवत असत. एवढे वजनदार खोके घरात आणून ठेवण्यामागे माझा काहीही व्यावहारिक हेतू नव्हता. याच्या दुरुस्तीपेक्षा कमी खर्चात नवा आला असता, असे घरात अजूनही ऐकवले जाते आणि हिशेबाने ते खरेच आहे.

अशी यंत्रे वर्षानुवर्षे बंद राहिली की सर्वांत आधी त्यांतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, दगा देतात. त्यांच्या आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वीज मिळेनाशी झाली की तो हळूहळू कमकुवत होतो आणि आतला द्रवही सुकत जातो. म्हणूनच जुना ॲम्प्लिफायर उत्साहाच्या भरात थेट प्लगला लावणे हा शुद्ध आडमुठेपणा होय. आपल्याकडच्या प्रत्येक वायरमनजवळ सिरीज दिव्याचा बोर्ड असतो, तोच इथेही उपयोगी पडतो. ॲम्प्लिफायरच्या मार्गात साधा 60 वॅटचा दिवा जोडला आणि तो क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढे जायला हरकत नाही. तो लख्ख पेटूनच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. एलईडीच्या दिव्याने हे काम होत नाही, त्यामुळे तारेचा जुना दिवा शोधत हरभट रस्त्याने हिंडण्याची एक सुखद संध्याकाळ या छंदाने मला देऊ केली. साडेचारशे व्होल्टचे कपॅसिटर मात्र इथे सहज मिळेनात, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावे लागले. ते बसवताना घाई चालत नाही, कारण प्लग काढल्यानंतरही आत तीनशेहून अधिक व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात आणि रेझिस्टर लावून ते उतरवल्याशिवाय आत बोट घालणे जिवावर बेतू शकते.

या कामात मला सर्वाधिक गंमत वाटली ती ‘हम’, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण, ओळखण्याची. आपली वीज 50 हर्ट्‌झची असते. वीजपुरवठ्यातले चढउतार गाळून टाकणारे कपॅसिटर निकामी झाले असतील तर स्पीकरमधून 100 हर्ट्‌झची गुणगुण येते आणि दोष व्हॉल्व्हच्या फिलामेंटच्या किंवा अर्थिंगच्या वायरिंगमध्ये असेल तर बहुधा 50 हर्ट्‌झची. हे अंतर नेमके एका सप्तकाचे असल्यामुळे ज्याचा कान थोडाफार सुरात आहे, त्याला मीटर हातात घेण्यापूर्वीच दोषाचा माग लागतो.

कपॅसिटर बदलल्यावर गुणगुण गेली, व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर क्लीनरने बरीचशी गेली, पण एक आवाज उरला आणि तो मला घालवायचा नव्हता. पुढे ईसीसी 83 आणि शेवटी ईएल 84 ची जोडी, अशी यातल्या व्हॉल्व्हची रचना आहे. जेमतेम पंधरा वॅटचा जीव. तार जोरात छेडली की व्हॉल्व्ह ध्वनिलहरींचे शेंडे एकदम कापत नाहीत, त्यांना हळुवार गोलाई देतात, त्यातून मूळ सुरात नसलेले वरचे स्वरांश मिसळतात आणि आवाज किंचित फाटतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकात याला दोष म्हणतात. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरज असताना हा निवाडा मला मान्य होणे कठीण आहे, कारण तिथले तंबोरे बनवणारे कारागीर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानसेने घासून तार तिला किती स्पर्श करील हे तासन्‌तास ठरवत बसतात, तारेखालचा दोरा केसभर सरकवतात आणि सुरात ती झंकारणारी जवारी मुद्दाम काढतात. मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून बनणाऱ्या या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण जवारी कुठे थांबवायची याचा निर्णय आजही कानच करतो. कोणती खरखर काढून टाकायची आणि कोणती जपायची, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. म्हणूनच सगळे सुटे भाग नवे घालून आवाज ‘स्वच्छ’ करून देण्याची हौस मला पटत नाही. मूळ स्पीकरचा कागदी कोन एका कडेला चिकटवलेला आहे आणि तो तसाच ठेवला आहे.

माझे गिटारवादन बेताचेच आहे आणि ते सुधारावे अशी निकडही मला वाटत नाही. ऑफिसातून आल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत चहा होतो, मग अर्धा तास काहीतरी छेडत बसायचे, एवढाच कार्यक्रम. मिरजेतले एक वृद्ध कारागीर घरी आले होते, तेव्हा त्यांना मोठ्या कौतुकाने हा आवाज ऐकवला. जवारीचा विषय मी काढण्यापूर्वीच त्यांनी डोळे मिटून एकच तार पुन्हा पुन्हा वाजवायला सांगितली आणि शेवटी म्हणाले, “वरचा आवाज टोचतोय, ते बटण जरा मागं घ्या.” ट्रेबल थोडा कमी केला, तर खरोखरच तार अधिक भरून बोलू लागली, मग त्यांनी स्पीकरच्या लाकडी पेटीवर टिचकी मारून तिचे लाकूड कोणते, याची चौकशी सुरू केली.