मेन्यूकार्डावर नसलेलं जेवण

लंडनचे आठ दिवस संग्रहालयं, पूल आणि पाऊस यांत गेले. लिहावंसं वाटतंय ते एका रात्रीच्या जेवणाबद्दल.

सहाव्या दिवशी सँडविचचा इतका वीट आला की आम्ही ब्रिक लेन गाठली. पूर्व लंडनमधला हा रस्ता, पाट्या इंग्रजीच्या जोडीला बंगालीतही. नवऱ्यानं चिकन विंदालू मागवलं, मी मद्रास करी. पहिल्याच घासाला माझं डोकं फिरलं. दोन्हींचा रस्सा एकच, फरक फक्त तिखटाचा. वर विंदालूत बटाटे! गोव्याचं विंदालू म्हणजे व्हिनेगर-लसणात मुरवलेलं डुकराचं मांस, नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेलं. बटाट्याचा तिथे काय संबंध?

वाढणारे चाचा साठीचे असतील, मूळचे बांगलादेशातल्या सिल्हेटचे. ब्रिटनमधली बरीचशी 'इंडियन' रेस्टॉरंटं सिल्हेटी लोकांनीच उभी केली आहेत. मी हिंदीत तक्रार केली, ते रागावले नाहीत. सकाळी मोठ्या पातेल्यात कांदा, आलं-लसूण, थोडा टोमॅटो मऊ शिजवून वाटून ठेवतात, म्हणाले. ऑर्डर आली की त्यातलेच दोन डाव कढईत. मलई आणि नारळ पडला की कोर्मा, मिरची वाढवली की मद्रास. "गिऱ्हाईक दहा मिनिटांत ताट मागतं, आपा. एवढ्यात कांदा तरी कुठे नीट परततो?"

"मग तुम्ही स्वतः काय जेवता?"

ते काही न बोलता आत गेले आणि दोन वाट्या आणि भात घेऊन आले. एकीत माशाचं पातळ कालवण, त्यात जाड सालीच्या लिंबाच्या फोडी. या लिंबाला ते हातकोरा म्हणतात. साल कडसर आणि आंबट, आणि वास असा की पुढचा घास घ्यायच्या आधी मी थांबून तो हुंगला. दुसऱ्या वाटीत सुकी मासळी, कांदा-मिरचीत परतलेली. ती तोंडात घातली आणि मला बोलवेना. आमच्या घरची सुकट!

"हे गिऱ्हाईक असताना शिजवत नाही," चाचा म्हणाले. "वासाच्या तक्रारी येतात."

पुण्याच्या बिल्डिंगमध्ये बोंबील भाजताना आई आधी सगळ्या खिडक्या लावून घ्यायची. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून. पाहुणे आले की सुकट फडताळात आणि बाहेरून पनीर. मीही आज तेच करते. हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' तर मी वर्षानुवर्षं खात आलेय. माझ्या कोल्हापूरच्या मावशीच्या घरी ती कधी शिजलेली पाहिली नाही, तांबडा-पांढरा मात्र दर रविवारी. तरी इथल्या विंदालूवर चिडायला मी पुढे!

विंदालूतले बटाटे आम्ही तसेच ठेवले. भात मात्र दोनदा मागून घेतला. बिलात मासळीचा आकडा नव्हता. मी पैसे पुढे केले तर चाचांनी हात जोडले. "हे विकायला केलेलं नाही, आपा."

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावरच्या दुकानात गोठवलेल्या हातकोऱ्याच्या फोडींची पाकिटं दिसली. पुण्यापर्यंत टिकणार नाहीत हे कळत होतं, तरी एक हातात घेऊन बराच वेळ तिथेच उभी राहिले.