चौथ्या गाण्यातली मोटर

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या इंदूरच्या स्टुडिओत संगीत संध्येचे मॅशअप, नवरीच्या एन्ट्रीची गाणी आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती, एवढंच चालतं. स्टुडिओ म्हणजे तरी काय, घराची मागची खोली. सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीतून जाईपर्यंत माईक उघडायचा नाही. देशातल्या सगळ्यांत स्वच्छ शहरात राहायचं तर एवढं सोसावं लागतं.

अशातच, गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या एका मध्यस्थानं सात फायली पाठवल्या. "भिया, गांव की छोरी है, खुद लिखती है, खुद गाती है. बस साफ कर दो." पैसे किती, ते लिहिण्यासारखे नाहीत.

मी न ऐकताच कामाला लागलो, हे आधीच कबूल करतो. पहिली तीस सेकंदं ऐकली. घरातच हँडी रेकॉर्डरवर घेतलेलं, मागे हम, म्हणजे विजेची ती सततची घुरघुर. मग सातही गाण्यांना एकच प्रीसेट लावला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हम काढणारा फिल्टर ५०च्या पटीत बारीक बारीक खाचा पाडत जातो: १००, १५०, २००, २५०, ३००. चौथं गाणं पांढरी पाचमधल्या बाकीच्यांपेक्षा ३५ सेंट चढं होतं (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत शंभर सेंट), म्हणजे पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधेच कुठेतरी. म्हटलं, तंबुरा नीट मिळवला नसेल. तेवढं खाली ओढलं, आवाजाची पातळी ॲपला लागते तशी −१४ लफ्सवर बसवली आणि रात्री दीडला पाठवून दिलं.

सकाळी तिचाच फोन. मध्यस्थाला वगळून नंबर कुठून मिळवला कोण जाणे. नमस्कार झाला, सहा गाणी छान झाली म्हणाली, आणि मग, "भैया, चौथे गाने में मोटर कहां गई?"

मला वाटलं, तक्रार उलटी आहे. मी समजावायला लागलो, बेटा, तो आवाज नकोच असतो. तिनं मधेच थांबवलं. त्या रात्री शेतीची लाईट आली, विहिरीवरची मोटर सुरू झाली, आणि तिनं तंबुरा मोटरवर मिळवला. "सा वही दे रही थी."

फोन ठेवला आणि मूळ फाईल उघडली. मोटरचा, ट्रान्सफॉर्मरचा हम विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट असतो, म्हणजे १०० हर्ट्झ. पांढरी पाचचा खालचा सूर ९८. दोन्हींतलं अंतर मोजा, बरोबर ३५ सेंट येतं. बेसूर काही नव्हतंच. ती वरच्या सप्तकात गात होती, तिचा षड्ज २००वर, पंचम ३००वर, शुद्ध गंधार २५०वर. माझ्या फिल्टरनं नेमका सा कापला, प कापला, ग कापला. आणि उरलेलं मी ओढून माझ्या पेटीच्या सुरात आणलं. वीस वर्षं हे काम करतो, आणि गाण्याचा आधारस्वर कचरा समजून काढून टाकला.

त्यात ते गाणं कशाबद्दल आहे तर रात्रीच्या लाईटबद्दलच. नवरा गव्हाला पाणी द्यायला गेलाय, ही घरी जागी आहे, मोटरचा आवाज येतोय तोवर तो ठीक आहे.

मग सातही गाणी शांतपणे, मूळ रूपात ऐकली. पाच तारांचा तंबुरा, करताल, दुसरं वाद्य नाही. ढंग कबीर गाणाऱ्या मालवी मंडळ्यांचा, गायक प्रह्लादसिंह टिपानियांमुळे बाहेरच्यांनाही ओळखीचा झालेला. शब्द मात्र सगळे तिचे. सोयाबीनचा भाव, नणंदेचा मोबाईल. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांना कुमारजींचा, म्हणजे कुमार गंधर्वांचा केवढा अभिमान! ते १९४८ साली क्षयातून बरं व्हायला देवासला आले आणि मालव्याची लोकगीतं कानात साठवत राहिले, हे आम्ही प्रत्येक मैफिलीत सांगतो. पण ती लोकगीतं गाणाऱ्यांच्या मंडळीत रात्रभर बसलेला आमच्यातला एक तरी दाखवा. मीही नाही बसलेलो.

चौथं गाणं मूळ सुरात परत केलं. फिल्टर काढला, मोटर ठेवली. सुरुवातीला चार सेकंदं नुसती मोटर, मग तंबुरा. मध्यस्थाचा लगेच मेसेज, "हम आ रहा है, हटाओ." एकदा समजावलं, दुसऱ्यांदा नाही. त्याला फायलीचं नाव तेवढं कळतं. शेवटी मी "मोटर के साथ" असंच नाव देऊन पाठवली, तर पटकन घेतली.

त्यानंतर हे गाणं कितीदा ऐकलं त्याला गणती नाही. तीन मिनिटं बावन्न सेकंदांवर लाईट जाते. हम एकदम थांबतो. ती ओळीच्या मध्यावर आहे. सा गेलेला, तरी आवाज जागचा हलत नाही. मी पट्टीवर मोजून पाहिलं, दोन सेंटसुद्धा नाही. ओळ पुरी करते, तंबुरा दोनदा छेडते, रेकॉर्डर बंद.

ती लाईट गेली म्हणून थांबली की गाणं तिथेच संपत होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. काल नंबर काढला होता.