मुंगी अशी चावत नाही, आजी

रंगपंचमी, रात्र

सकाळपासून इंदूरच्या राजवाड्याकडून गेरचे, म्हणजे रंगपंचमीच्या रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, ढोल ऐकू येत होते. रामबागेतल्या आमच्या घरापर्यंत आवाज येतोच. गेल्या वर्षी माझी नात चिऊ बाबाच्या खांद्यावर बसून गेर बघायला गेली होती आणि गुलाबी होऊन परतली होती. कानामागचा रंग आठ दिवस निघाला नव्हता. आज उठल्या उठल्या तिनं आईला विचारलं, "काउंट किती आलाय?"

"न्यूट्रोफिल चारशे."

"मग नको," म्हणाली आणि कुस बदलली. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी; त्यांचा आकडा पाचशेच्या खाली आला की गर्दी नाही, बाहेरचं खाणं नाही, हे तिला पाठ आहे. सात वर्षांची आहे. दुपारी ढोल अगदी जवळ आले तेव्हा मात्र उशीत तोंड खुपसून रडली. मी तिला गप्प केलं नाही. जवळ बसून राहिले.

हे बसून राहणं मला उशिरा जमलं.

संक्रांतीच्या आधी तिचे पाय दुखायचे. रात्री कण्हायची. मी म्हटलं, वाढीचं वय आहे, आणि तीन आठवडे रोज तिळाचं तेल चोळत राहिले. तिचे ओठ पांढरे पडत होते, नडगीवर न लागता निळे डाग उठत होते, ताप येऊन जाऊन होता. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि माझ्याच हातांखाली ते सगळं चाललं होतं. शेवटी सूनबाई हट्टानं रक्त तपासायला घेऊन गेली. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. हाडांच्या मज्जेत कच्च्या पांढऱ्या पेशी माजतात आणि बाकीच्या पेशींना जागाच उरत नाही, म्हणून हाडं दुखतात, म्हणून डाग पडतात. कोणाच्या घरात मुलाचे पाय असे दुखत असतील आणि सोबत ताप, फिकटपणा असेल, तर तेल बाजूला ठेवा आणि आधी रक्त तपासा.

पहिल्यांदा पाठीच्या कण्यात सुई घालायची होती त्या सकाळी मी तिला म्हणाले, "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं होईल." खोलीतून तिची जी किंकाळी आली ती अजून कानात आहे. बाहेर आल्यावर तासभर बोलली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मुंगी अशी चावत नाही, आजी."

आवाजात राग नव्हता. चूक सुधारून सांगत होती, एवढंच.

त्या दिवसापासून आम्ही तिला सगळं खरं सांगतो. ती विचारते, "दुखणार?" आम्ही सांगतो, "हो." "किती वेळ?" "पाच मिनिटं." मग ती तयारीला लागते. "पाठीतच का?" हेही विचारलं होतं. सांगितलं, की शिरेतून दिलेली बरीचशी औषधं मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीत, आणि या पेशी तिथे दडून बसू शकतात, म्हणून मेथोट्रेक्सेट थेट कण्यातल्या पाण्यात सोडतात. या औषधांच्या घराण्याला आपल्या आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे हात लागलेत, हेही सांगितलं. 1948 मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं. तिला त्यांचं नाव फार आवडलं, आता सुईला ती "सुब्बारावांची सुई" म्हणते.

दुसरं औषध तर आमच्या अंगणात आहे. व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतून काढतात. एका वेळी फार तर दोन मिलिग्रॅम, शिरेतून. त्यानं जबडा दुखतो, पोट घट्ट होतं, आणि हल्ली जिना चढताना तिचं पाऊल पुढून लोंबतं, अंगठा पायरीला अडकतो. परवा कुंडीपाशी बसून ती फुलाला म्हणत होती, "तू चांगली आहेस, पण माझ्या पायाला का त्रास देतेस?" फूल तोडलं नाही. पाणी घातलं.

उपचाराच्या पहिल्या महिन्याच्या शेवटी मज्जा तपासली, तेव्हा त्या पेशी दिसल्या नाहीत. आम्ही सगळे रडलो. ती म्हणाली, "नाहीत, तर औषध कशाला?" लपलेल्या राहतात म्हणून, एकूण दोन-अडीच वर्षं. चांगल्या ठिकाणी पूर्ण उपचार झाले तर दहांतली आठ किंवा त्याहून जास्त मुलं बरी होतात. तिला मी हा आकडाही सांगितला. तिनं उरलेल्या दोघांचं विचारलं. मी उत्तर दिलं, सगळं नाही, पण खोटं काही नाही.

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, किती शूर गं! ते प्रेमानंच म्हणतात. पण मागच्या आठवड्यात ती मला हळूच म्हणाली, "शूर म्हटलं की मग रडता येत नाही." मी फोन करून चार जणांना सांगितलं, शूर म्हणू नका, गोष्ट सांगा.

सुई टोचताना तिची एक युक्ती आहे. गुडघे पोटाशी घेऊन, गोगलगायीसारखी वळून कुशीवर पडते, नर्सताई म्हणतात, "बेटा, हिलना मत," आणि ती मोठ्यांदा सराफ्याचे, म्हणजे इथल्या सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचे, पदार्थ म्हणायला लागते: गराडू, भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, शिकंजी, जलेबा. हे सगळं सध्या तिला बंद आहे. जलेब्यापर्यंत आली की पुन्हा गराडूपासून. सुई आत जाते तेव्हा आवाज फाटतो, डोळ्यांतून पाणी ओघळून कानात जातं, शब्द मात्र तुटत नाहीत. गेल्या वेळी तीन फेऱ्या झाल्या.

आत्ता झोपायच्या आधी विचारलं, "उद्या कितीला?"

"नऊला."

"दुखणार?"

"हो."

"तू हात कुठे धरशील?"

"तू सांगशील तिथे."

तिनं स्वतःचा डावा अंगठा दाखवला.

ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. फाइल पिशवीत ठेवली आहे. बधिर करायचं मलम आठला लावायचं, एक तास आधी.