तुम्ही विचारलंत म्हणून: वॉशिंग मशीन घरी दुरुस्त होतं का?

"मशीन बिघडलं की तुम्ही स्वतःच खोलून बसता म्हणे. जमतं कसं? आणि आम्हाला जमेल का?" हे मला शेजाऱ्यांनी विचारलंय, भावाने विचारलंय, ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी विचारलंय. दर वेळी घाईत दोन वाक्यांत काहीतरी सांगतो आणि मग दिवसभर वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं. म्हणून आज बैजवार सांगतो.

जमेल. सगळं नाही, पण तुम्हाला वाटतं त्याहून बरंच जास्त. त्यासाठी एक सवय मात्र लावून घ्यावी लागते: हातात स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी मशीन नेमकं कुठे थांबलं ते बघायचं. फ्रंट लोड मशीनचं काम ठरलेल्या क्रमाने चालतं. दार लॉक होतं, पाणी भरतं, लागलं तर तापतं, ड्रम उलटसुलट फिरतो, पाणी बाहेर पडतं आणि शेवटी स्पिन होतो. यातल्या एकेका कामाला एक-दोनच भाग जबाबदार असतात. गाडी कुठल्या स्टेशनात अडकली ते कळलं की अर्धी दुरुस्ती तिथेच झाली. हे मी अनुभवाने शिकलो.

आमचं मशीन पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा ड्रम अर्धा पाण्याने भरलेला, कपडे आत तरंगतायत, दार उघडेना आणि पॅनलवर एक कोड लुकलुकतोय. लुकलुकणारा दिवा दिसला की मन थेट इलेक्ट्रॉनिक्सकडे धावतं. मीही बोर्डच गेला असं धरून चाललो आणि संपूर्ण संध्याकाळ वरचं झाकण नि पॅनल काढून बोर्ड तपासण्यात घालवली. बोर्डाला काहीही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे विचार केला: पाणी भरलंय, कपडे धुतले गेलेत, म्हणजे थांबलंय ते पाणी बाहेर टाकताना. मग खाली वाकून पुढच्या कोपऱ्यातली छोटी झडप उघडली. तिथल्या, पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या फिल्टरमध्ये केसांची पिन होती आणि तिच्याभोवती दोऱ्यांचा आणि केसांचा बोटभर जाड बोळा.

हा फिल्टर काढायचीही एक पद्धत आहे. अर्ध्या ड्रममध्ये बरंच पाणी असतं आणि फिल्टर एकदम फिरवला तर ते सगळं जमिनीवर येतं. पुष्कळ मशीनमध्ये फिल्टरशेजारी बूच लावलेली एक बारीक नळी असते. खाली पसरट ताट ठेवून आधी तिच्यातून पाणी काढा. नळी नसेल तर फिल्टर जरासा सैल करा, ताट भरलं की घट्ट करा, ताट रिकामं करा, पुन्हा सैल करा. पाणी गरम असेल तर निवेपर्यंत थांबा. फिल्टर निघाला की टॉर्चने आत बघा. पंपाचं छोटं पंखं दिसेल. ते बोटाने किंवा काडीने फिरवून बघा. सरळ न फिरता झटक्याझटक्याने फिरलं तर घाबरू नका, आत चुंबक असल्यामुळे ते तसंच फिरतं. अजिबात हलत नसेल किंवा भलतंच सैल गरगरत असेल तर मात्र पंप बघावा लागेल. फिल्टर स्वच्छ, पंखं मोकळं, पंप गुणगुणतोय, तरी पाणी जात नाही? मग टब (ड्रमच्या बाहेरचं, पाणी धरणारं भांडं) आणि पंप यांच्यामधली जाड घड्यांची रबरी नळी काढा. माझ्याकडे तिथे एकदा लहान मुलाचा मोजा सापडला. दाराचं रबर आणि ड्रम यांच्यामधल्या फटीतून असे बारके कपडे बाहेरच्या टबमध्ये उतरतात आणि तिथून वाट काढत नळीत जाऊन बसतात.

पाणी भरतच नसेल तर पाठीमागे पाइप जिथे जोडलाय तिथली बारीक जाळी काढून धुवा. पाणी एकीकडून भरतंय आणि दुसरीकडून निघून जातंय असं दिसलं तर पंपाला दोष देऊ नका. बाहेर सोडणाऱ्या पाइपचं टोक फार खाली ठेवलं गेलं असेल, की पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहत राहतं. टोक मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर बांधा.

पाण्याची पातळी मशीनला कशी कळते हे समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, म्हणून ते सांगतोच. टबच्या तळाशी एक छोटी हवेची कोठी असते आणि तिच्यापासून एक बारीक नळी वर प्रेशर स्विचपर्यंत जाते. पाणी चढलं की कोठीतली हवा दाबली जाते आणि तो दाब नळीतून वर पोचतो. बस, एवढंच. कोठीच्या तोंडाशी साबणाचा गाळ बसला की दाब पोचत नाही आणि मशीनला वाटतं आत पाणीच नाही. मग ते भरतच राहतं. प्लग काढून ती नळी स्विचकडच्या टोकाला सोडवा आणि स्विचमध्ये तोंडाने हलकेच फुंका, जुन्या प्रकारच्या स्विचमध्ये टक असा आवाज येतो. मग नळी आणि कोठी धुऊन पुन्हा बसवा. खर्च शून्य.

"स्पिन होत नाही" ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. त्यात मशीनची चूक क्वचितच असते. एकटाच जाड टॉवेल किंवा पायपुसणं टाकलं की ओलं वजन एका बाजूला जमतं आणि मशीन जाणूनबुजून वेग घेत नाही. ते का, हे एकदा हिशेब करून बघण्यासारखं आहे. ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १२०० फेरे धरले तर कडेच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या जवळपास ३८० पट जोर येतो. म्हणजे अर्धा किलोचा असमतोल राहिला तर ड्रमला एका बाजूने सुमारे १९० किलोचा ओढा बसतो, तोही सेकंदाला वीस वेळा दिशा बदलत. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने घरगुती स्वयंचलित मशीन आणलं, तेव्हा ते जमिनीला बोल्टने आवळून बसवावं लागायचं, कारण आतला ड्रम स्प्रिंगवर टांगलेला नव्हता. आज टब वर स्प्रिंगला टांगलेला असतो, खाली शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात आणि वजनासाठी सिमेंटचे जड ठोकळे बांधलेले असतात. मशीन नाचायला लागलं तर आधी चारही पाय जमिनीला टेकलेत का बघा. नवं असेल तर वाहतुकीसाठी पाठीमागे लावलेले बोल्ट काढलेत का तेही बघा. मग वरचं झाकण काढून टब हाताने खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन शांत झाला तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठीक आहेत, झोके घेत राहिला तर ते गेले. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला.

आता बेअरिंग, म्हणजे ड्रमच्या पाठीचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती कडी. इथे मात्र सावकाश जायला हवं.

स्पिनच्या वेळी घरात विमान उतरतंय असा आवाज येऊ लागला की समजा बेअरिंग बोलायला लागलं. खात्री करायला प्लग काढा, रिकामा ड्रम हाताने फिरवा आणि कान जवळ न्या. चांगलं बेअरिंग जवळपास मुकं असतं, गेलेलं खरखरतं. मग ड्रमची पुढची कड धरून वर उचलून बघा. टब न हलता ड्रम एकटाच खुळखुळला तर निदान पक्कं. पाठीमागचं झाकण काढल्यावर पुलीखालून (ड्रम फिरवणारं मागचं चाक) गंजाचा तपकिरी ओघळ उतरलेला दिसला तर कारणही कळलं: ऑइल सील, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, आधी गेलं, पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन निघालं.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट तपासा. टबचे दोन भाग स्क्रूने किंवा क्लिपने जोडलेले आहेत की वितळवून कायमचे चिकटवलेले? काही मशीनचा टब चिकटवलेलाच येतो. तो कापून पुन्हा जोडणारे लोक आहेत, पण पहिल्यांदा हात घालणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. असा टब बनवणं मला ग्राहकावर अन्याय वाटतो. दोन बेअरिंग आणि एका सीलसाठी अख्खा टब फेकायला लावायचा, हे पटतच नाही.

टब उघडणारा असेल तर दोन दिवस राखून ठेवा. वायर सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा आणि स्क्रू ज्या भागाचे त्या भागाच्या नावाच्या वाटीत ठेवा. आधी सिमेंटचे ठोकळे काढा, तोवर टब उचलायला जाऊ नका. टब बाहेर काढताना दुसरं माणूस हवंच. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला. दोन भाग वेगळे केले की पुली काढा आणि ड्रमचा शाफ्ट मागून ठोकून काढा, पण मध्ये लाकडाचा तुकडा धरून. हातोडा थेट शाफ्टवर बसला तर आटे बसतात आणि मग पुली कधीच नीट आवळली जात नाही.

ड्रमच्या पाठीला तीन हातांचा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा एक भाग असतो, त्याला स्पायडर म्हणतात. तो नीट घासून बघा. माझ्याकडे त्यावर साबणाचा करडा थर बसला होता. तो खरवडला तर खाली धातूला खड्डे पडलेले. साबणाचा थर ओला राहतो, स्टीलच्या ड्रमला चिकटून अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं आणि एक दिवस हात तुटतो. माझा अजून भक्कम होता, पण त्या दिवसापासून मी डिटर्जंट मोजून घालतो. शाफ्टवर सील जिथे घासतं ती जागा नखाने चाचपून बघा. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल तर नवं सील टिकणार नाही, स्पायडरही बदलावा लागेल.

बेअरिंग दोन असतात, ड्रमकडचं मोठं, पुलीकडचं लहान. जुनी काढताना मोठं बाहेरून आत ठोकायचं, लहान आतून बाहेर. नवं आणताना जुन्यावर कोरलेला नंबर बघा. माझ्यात ६२०६ आणि ६२०५ होते, तुमच्यात वेगळे असू शकतात. या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो: शून्य सहा म्हणजे ३०, शून्य पाच म्हणजे २५. नवं बेअरिंग बसवण्याआधी पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ६२ मिलिमीटरचं बेअरिंग थंडीने मिलिमीटरचे दोन-तीन शतांशच आकसतं, पण हाताला तेवढ्यानेही फरक जाणवतो. ठोकताना फक्त बाहेरच्या कड्यावर ठोका. आतल्या कड्यावर घाव बसला की नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. मी जुनं बेअरिंगच वर ठेवून ठोकलं. शेवटी आवाज बदलतो. पोकळ ठकठक जाऊन घट्ट, भरीव टणत्कार ऐकू आला की बेअरिंग तळाला बसलं. मग सीलच्या ओठाला पाण्यात न धुपणारं ग्रीस भरपूर लावा. हे विसरलात तर सगळी मेहनत वर्षभरात वाया जाईल.

विजेबद्दल मी कुणाचंच ऐकत नाही. बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर आणि डोळ्यांसमोर हवा. इन्व्हर्टर मोटरच्या बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्लग काढल्यावरही काही वेळ भारलेले राहतात, त्यामुळे त्या बोर्डाला हात लावायचा नाही. दाराच्या लॉकच्या वायर परस्पर जोडून, मशीनला फसवून, दार उघडं असताना मशीन चालवून बघायचं नाही, कधीच नाही. हीटर तपासायचा असेल तर मल्टिमीटर पुरतो: २३० व्होल्टवरचा २००० वॉटचा हीटर सुमारे २६ ओहम दाखवतो. टोकापासून धातूच्या अंगापर्यंत मात्र काहीच वाहता कामा नये. वाहिलं तर हीटर बदला. मशीनच्या पत्र्याला झिणझिण्या येत असतील, वायर जळाल्याचा वास असेल किंवा बोर्डावर काळं पडलं असेल तर तिथे मी थांबतो आणि जाणत्या माणसाला बोलावतो. तुम्हीही थांबा.

सगळं जोडून झाल्यावर लगेच कपडे टाकू नका. मागचं झाकण उघडंच ठेवा, हात लांब ठेवा, मशीनखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि रिकामा ड्रम थंड पाण्यावर छोट्या प्रोग्रॅमला लावा. मी त्या दिवशी टॉर्च घेऊन तासभर जमिनीवर बसलो होतो. स्पिन सुरू झाला, वेग चढत गेला, आणि फक्त वाऱ्यासारखी एक सरळ घुं ऐकू येत होती. मशीन थांबल्यावर प्लग काढला आणि कागद उचलून बघितले. एका कोपऱ्यात दोन रुपयाएवढा ओला डाग होता, दाराच्या रबराची स्प्रिंग खालच्या बाजूला नीट बसली नव्हती. ती पुन्हा बसवली, कोरडे कागद घातले, पुन्हा लावलं. या वेळी कागद कोरडे निघाले. मग मागचं झाकण लावलं.