दर्शनी भिंत इंग्रजी, घर जर्मन

मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या त्याच वर्षी, म्हणजे १७५८ मध्ये, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीत पीटर वेंट्झ नावाच्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्याने आपल्या शेतावर दुमजली दगडी घर बांधले. फिलाडेल्फियाच्या वायव्येस, मॉन्टगोमेरी काउंटीत ते आजही उभे आहे. ऑक्टोबर १७७७ मध्ये, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील जर्मनटाऊनच्या लढाईच्या आधी आणि नंतर, जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम येथे होता आणि साराटोगा येथे इंग्रज सेनापती बरगॉइन शरण आल्याची वार्ता त्याला येथेच मिळाली, त्यामुळे या वास्तूची ओळख करून देताना साहजिकच वॉशिंग्टनपासून सुरुवात होते. मला मात्र हे घर महत्त्वाचे वाटते ते त्याच्या बांधणीमुळे. त्याचा चेहरा इंग्रजी आणि अंतरंग जर्मन आहे, आणि हे दोन्ही एकमेकांना न दुखवता एकाच छपराखाली नांदतात.

इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात पाठोपाठ चार जॉर्ज बसले; त्यांच्या कारकिर्दीतील वास्तुशैलीला जॉर्जियन म्हणतात. तिचे मूळ सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार पालादिओच्या प्रमाणबद्ध मांडणीत आहे. नमुन्यांच्या छापील पुस्तकांतून ती इंग्लंडमध्ये रुजली आणि समुद्र ओलांडून वसाहतींतील सुतार-गवंड्यांपर्यंत पोहोचली. पाच खणांचा दर्शनी भाग, मधल्या खणात दरवाजा, त्याच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर खिडक्या, वरच्या मजल्यावर त्यांच्या नेमक्या वर पुन्हा खिडक्या, आणि छपराच्या दोन्ही टोकांना धुराडी, असा तिचा साचा आहे. आतही दरवाज्यापासून मागच्या भिंतीपर्यंत मधोमध मार्गिका जाते, तिच्यातून जिना चढतो आणि दोन्ही बाजूंना खोल्या असतात. आलेला पाहुणा थेट चुलीपाशी न पोहोचता आधी या मार्गिकेत थांबतो, आणि त्याला कोणत्या खोलीत न्यायचे हे घरधनी ठरवतो. जुन्या जर्मन पद्धतीच्या घरात असा आडपडदा नव्हता. तेथे दार उघडताच माणूस स्वयंपाकघरात शिरत असे.

शेतकऱ्याच्या हाती ही शैली आली, तेव्हा तिला हिशेबाची जोड मिळाली. या भागातील अनेक दगडी घरांना एक फेरी मारली, तर पैसा कुठे खर्च झाला आहे ते भिंतीच सांगतात. रस्त्याकडच्या भिंतीचे दगड घडीव, सरळ थरांत बसवलेले. बाजूच्या आणि मागच्या भिंतींत मात्र शेतातून निघालेले ओबडधोबड दगड जसे हाताला आले तसे रचलेले, फक्त कोपऱ्यांना मोठे घडीव दगड आलटून-पालटून घालून सांधा पक्का केलेला. कित्येक घरांना दोन मजल्यांच्या मध्ये भिंतीतून पुढे आलेले अरुंद उतरते छप्पर असते. भिंतीवरचे आणि दारावरचे पाणी दूर टाकणारी ही सोय पेनसिल्व्हेनियात इतकी रुळली, की तिच्याशिवाय तेथील जुने घर मला बोडके वाटते.

भिंती दीड ते दोन फूट जाड असतात. ही जाडी बाहेरून जाणवत नाही. ती आत खिडकीपाशी कळते. तावदाने भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असतात आणि खिडकीच्या बाजू आतल्या दिशेने रुंदावत जातात, त्यामुळे लहान खिडकीतून आलेला उजेड खोलीभर पसरतो आणि खाली बसता येईल एवढा खोल कठडा तयार होतो.

वेंट्झच्या घराच्या दारातून आत गेल्यावर मात्र इंग्रजी शिस्तीचा धाक ओसरतो. घराची दुरुस्ती करताना नंतरच्या रंगांच्या थरांखाली मूळ रंगकामाच्या खुणा सापडल्या, आणि त्यांच्या आधाराने खोल्यांना १७७७ सालचे रूप पुन्हा देण्यात आले. भिंतींच्या खालच्या पट्ट्यावर मोठमोठे ठिपके आणि फराटे आहेत, तेही भडक रंगांत. संयमित, फिकट जॉर्जियन दिवाणखान्याची अपेक्षा घेऊन आलेला माणूस येथे दचकतो. शेगडीही जर्मन पद्धतीची आहे: बिडाच्या पाच पत्र्यांची पेटी भिंतीला चिकटून खोलीत पुढे येते, पण तिला दार नाही. तिचे तोंड भिंतीपलीकडच्या चुलीत उघडते. लाकडे आणि निखारे तिकडून सारायचे आणि धूरही तिकडेच जायचा. त्यामुळे बैठकीच्या खोलीत ना राख, ना काजळी, नुसती ऊब. उघड्या शेकोटीपुढे समोरून भाजून पाठीने गारठणाऱ्या इंग्रज शेजाऱ्यापेक्षा हा शेतकरी हिवाळ्यात अधिक सुखी असणार, असे माझे स्पष्ट मत आहे.

खिडक्यांच्या या देखण्या रांगा पुढे याच भागात राजकीय प्रश्न बनल्या. फ्रान्सशी युद्ध होण्याच्या भीतीने अमेरिकी सरकारने १७९८ मध्ये घरे, जमीन आणि गुलाम यांच्यावर कर बसवला. घराची किंमत ठरवताना अधिकारी खिडक्या आणि त्यांतील काचाही मोजून लिहून घेऊ लागले. जर्मन शेतकऱ्यांना हा आपल्या घराचा पंचनामा वाटला. मोजणीला आलेल्यांवर बायकांनी वरून गरम पाणी ओतल्याच्या हकीकती प्रसिद्ध आहेत. विरोध पेटत जाऊन १७९९ मध्ये जॉन फ्राइझच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. त्याला फाशीची शिक्षा झाली आणि १८०० मध्ये अध्यक्ष जॉन ॲडम्सने ती माफ केली.

आज या घरांना सर्वांत मोठा धोका प्रामाणिक हेतूने केलेल्या दुरुस्तीचा आहे. मूळ बांधकाम चुन्याचे. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि त्याला श्वास असतो. भिंतीत मुरलेले पाणी दगडांमधल्या दर्जांतून, म्हणजे चुन्याने भरलेल्या सांध्यांतून, बाहेर पडते आणि झीज झालीच तर चुन्याची होते, दगडाची नाही. आपल्याकडच्या वाड्यांचे गवंडीही हेच जाणून होते. नंतरच्या काळात पोर्टलंड सिमेंट हाती आल्यावर अनेकांनी झिजलेल्या दर्जा त्याने भरल्या. सिमेंट टणक आणि घट्ट असल्याने ओल दगडातच अडकते, हिवाळ्यात ती गोठून फुगते आणि मऊ दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दर्जेतील सिमेंट शाबूत आणि भोवतीचा दगड आत गेलेला, अशा उलट्या झिजलेल्या भिंती या भागात दिसतात. ते सिमेंट काढणे हे छिन्नी-हातोडीने, एकेक सांधा मोकळा करत करायचे काम आहे. यंत्राची चकती फिरवली, की दगडाच्या कडाही जातात. असे घर विकत घेणाऱ्याने छपराच्या आधी या दर्जा पाहाव्यात, आणि दुरुस्तीसाठी चुन्यात काम केलेला गवंडीच शोधावा.