फेलोशिपचं वर्ष आणि कांद्याचं वर्ष

सोमवार

या आठवड्यात आमच्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्रात, ‘निधी-ईआयआर’ या नवउद्योजकांच्या फेलोशिपची नवी मुलं-मुली रुजू होतायत. बहुतेकांना पदवी मिळून वर्षही झालेलं नाही. ही फेलोशिप केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची, ‘निधी’ या कार्यक्रमातली. देशभरच्या इनक्युबेटरांमार्फत ती राबवण्याची सूत्रं पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) व्हेंचर सेंटरकडे सोपवली गेली. महिन्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये, बारा महिने. म्हणजे वर्षाचे 3,60,000.

हे पैसे यंत्र बनवायला नाहीत. नोकरी न धरता आलेल्या मुलाचं खोलीभाडं, मेस आणि एसटीचं तिकीट सुटावं, एवढ्यासाठी आहेत. यंत्राचा नमुना (प्रोटोटाइप) बनवायला ‘निधी-प्रयास’ ही योजना वेगळी आहे, तिथे 10 लाखांपर्यंत मिळतात. पण त्या अर्जात आपली वस्तू कोणाला हवी आहे आणि कशासाठी, हे सांगावं लागतं. ते शोधायला हे वर्ष दिलेलं आहे. शोधून उत्तर ‘कोणालाच नको’ असं आलं, तरी वर्ष वाया गेलं असं मी मानत नाही. वर्षभर प्रयोगशाळेत बसून उत्तरच आलं नाही, तर मात्र गेलं.

मंगळवार

कागदांचा दिवस. करार, पूर्णवेळ काम करण्याची हमी, पदवीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँकेचा तपशील. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अशा करारांना 100 नव्हे, 500 रुपयांचा स्टॅम्प लागतो. जुन्या माहितीवर 100 चा घेऊन येणाऱ्यांची फेरी फुकट जाते.

पहिला हप्ता रुजू झाल्याबरोबर येतोच असं नाही. इनक्युबेटरकडे वरून रक्कम आली की पुढे सरकते, आणि पुढचे हप्ते प्रगती अहवालावर अडतात. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच यावं. काही ठिकाणी टीडीएस कापतात. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत एवढ्या रकमेवर कर बसत नाही, तेव्हा कापलेले पैसे 26एएस या करकपातीच्या उताऱ्यात दिसतात का ते पाहावं आणि विवरणपत्र भरून परत मागावेत.

कंपनी नोंदवण्याची घाई इथे सगळ्यात महाग पडते. प्रायव्हेट लिमिटेड झाली की विक्री शून्य असली तरी ऑडिट करावंच लागतं. पहिला ऑडिटर 30 दिवसांत नेमायचा, व्यवसाय सुरू केल्याची घोषणा 180 दिवसांत भरायची, दर वर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण द्यायचं. या दोन वार्षिक फॉर्मना उशीर झाला तर प्रत्येकी दिवसाला 100 रुपये जादा. गिऱ्हाईक सापडण्याआधी हा खर्च ओढवून घेऊ नये. एखाद्या अनुदानाला किंवा गुंतवणूकदाराला कंपनी लागते, तेव्हा नोंदवता येते.

बुधवार

ताज्या पदवीधरांची कल्पना बहुधा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधून आलेली असते, आणि तिथेच एक गाठ असते: हक्क कोणाचा? काम कॉलेजच्या उपकरणांवर झालंय, गाइडची भर आहे, चौघांचा गट होता आणि त्यातले दोघे नोकरीला लागले. कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण मागवून वाचावं, गटातल्या प्रत्येकाकडून आणि गाइडकडून लेखी ना-हरकत घ्यावी. हे पहिल्या महिन्यात सहज मिळतं. पैसे दिसू लागले की मिळत नाही.

दुसरी गोष्ट, कल्पना उघड झाली आहे का? प्रोजेक्ट कुठल्या प्रदर्शनात मांडला असेल, कॉलेजच्या यूट्यूबवर गेला असेल किंवा शोधनिबंध म्हणून छापला असेल, तर पेटंटचं नावीन्य बहुधा संपलेलं असतं. कायद्यातली सूट अरुंद आहे: सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, असे मोजके प्रसंग, आणि तेही 12 महिन्यांपुरतेच. काही उघड झालं नसेल तर आधी पेटंटचा तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज करावा. व्यक्तीला ऑनलाइन 1,600 रुपये फी आहे, आणि संपूर्ण तपशील देण्यासाठी 12 महिने मिळतात. परीक्षकांपुढे कल्पना मांडण्याच्या पिच स्पर्धांना त्यानंतर जावं. जेवढ्या कमी तेवढं बरं, हे माझं मत.

गुरुवार

दर तुकडीत कांद्याच्या चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) सेन्सर बसवण्याची कल्पना असतेच, आणि मला ती आवडते, कारण प्रश्न खरा आहे. साठवलेल्या कांद्यातला मोठा वाटा वजनघट, सड आणि मोड यांत जातो. पण फेलोशिपचं वर्ष आणि कांद्याचं वर्ष यांचा मेळ आधी बसवावा लागतो. खरीप आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा टिकत नाही, तो लगेच बाजारात जातो. चाळीत जातो तो रब्बी, एप्रिल-मेमध्ये निघालेला, आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत टप्प्याटप्प्याने विकला जातो. डिसेंबरात रुजू झालेल्याने एप्रिलपर्यंत चाचणीची तयारी केली नाही, तर चाळी भरून झालेल्या असतात आणि पुढची संधी फेलोशिप संपल्यावर येते. म्हणून आज प्रत्येकाला बारा महिन्यांच्या तक्त्यावर आधी पिकाच्या तारखा लिहायला लावल्या आणि मग कामाच्या.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: ऑगस्टमध्ये चाळीतली आर्द्रता 85 टक्के झाल्याचा संदेश शेतकऱ्याच्या फोनवर आला, तर तो काय करणार? साध्या चाळीत कांद्याला 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते, पण पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते. त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात. बाया लावून सडका कांदा निवडायचा, नाहीतर चाळ फोडून विकायचा. निवडायला मजुरी लागते, विकायला भाव लागतो. भाव पडलेला असेल तर इशारा मिळूनही काही बदलत नाही.

आणि टिकवणीचा बराचसा निकाल शेतातच लागलेला असतो. काढणीआधी 10-15 दिवस पाणी तोडलं का, युरिया उशिरापर्यंत दिला का, पातीसकट शेतात नीट सुकवला का, मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापली का. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशी मुलांनी सेन्सरच्या डेटाशीटआधी वाचाव्यात.

बोलायला लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला जावं. लिलाव चालू असताना कोणी बोलत नाही. सकाळी ट्रॉली रांगेत उभी असते तेव्हा, किंवा लिलावानंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होईपर्यंत शेतकऱ्याला वेळ असतो. ‘असं यंत्र दिलं तर घ्याल का?’ हे विचारू नये. दारी आलेल्या पोराला दादा-काका नाही म्हणत नाहीत, आणि त्या होकाराला अर्थ नसतो. मागचं विचारावं: गेल्या वर्षी चाळ कधी फोडली, तेव्हाच का, निवडायला किती बाया लागल्या, मजुरी किती गेली, फेकला किती. असे तीस जण झाले की आकार दिसू लागतो. कदाचित गिऱ्हाईक शेतकरी नसून शेकडो टन साठवणारी शेतकरी उत्पादक कंपनी निघेल. तिला कोणती चाळ आधी फोडायची हे रोज ठरवावं लागतं, आणि तिथे सेन्सरला किंमत येते.

शनिवार

नमुन्याबद्दल थोडं. आर्द्रता मोजायला डीएचटी22 हा सेन्सर स्वस्त म्हणून सगळे घेतात, पण सतत दमट हवेत त्याचं मोजमाप हळूहळू सरकतं. एसएचटी31 घ्यावा आणि कांद्याची फोलपटं-धूळ बसणार नाही अशी जाळी लावावी. एमक्यू मालिकेतल्या वायू सेन्सरांचा हीटर सतत चालू राहतो, त्यामुळे बॅटरीवर ते परवडत नाहीत. मोबाइलच्या 2जी नेटवर्कवरून संदेश पाठवणारं सिम800एल मॉड्यूल नेटवर्क पकडताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतं. तारा बारीक असल्या की व्होल्टेज कोसळून ते पुन्हा पुन्हा सुरू होतं, आणि मुलं कोडमध्ये चूक शोधत बसतात. जाड तार आणि मॉड्यूललगत 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. जिओचं सिम यात चालत नाही, त्यांच्याकडे 2जी नाही. चाळी विखुरलेल्या असतील तर लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर डेटा पाठवणारा रेडिओ, बरं. त्याच्या 865 ते 868 मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही.

पण तीस मुलाखतींपूर्वी सोल्डरिंग नको, यावर मी ठाम आहे.

रविवार

फेलोशिप एकाच व्यक्तीला मिळते, काम मात्र दोघे-तिघे मित्र करतात. एकाच्या खात्यात 30,000 येतात आणि दुसरा घरून पैसे मागवतो. सहाव्या महिन्याच्या आसपास हे बाहेर येतं, आणि तेव्हा भांडणाला कारण म्हणून लोगोचा रंगही पुरतो. म्हणून उद्या सकाळी तंत्रज्ञानाचं सत्र पुढे ढकलून आधी एक पान लिहायला सांगणार आहे: कोण किती वेळ देणार, मानधनातला वाटा द्यायचा की नाही, पुढे होणाऱ्या कंपनीतला हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळेल आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी निघालेल्याला काही मिळणार नाही, कोणाला घरच्यांनी नोकरीची मुदत घातली आहे का. सगळ्यांच्या सह्या, खाली तारीख.