एक वर्षाचा करार

रशियन भाषांतरावर माझं घर चालतं ते गुणपत्रिकांमुळे. तिकडे मेडिकलला गेलेल्या पोरांचे दाखले, शिक्के, सह्या. त्यामुळे त्या गृहस्थांनी मोबाइल पुढे करून "मॅडम, भाच्याची चार पानं आहेत" म्हटलं, तेव्हा मी सवयीने विचारलं, "कॉलेज कुठलं?"

रशियाच्या संरक्षण मंत्रालयाबरोबरचा लष्करी सेवेचा करार होता तो. एजंटने 'हेल्परचं काम' सांगितलं होतं. भाच्याच्या सुटकेच्या अर्जासोबत वकिलांना कोर्टात लावायला इंग्रजी भाषांतर हवं होतं.

फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेले, म्हणजे निम्मा धुरळा. त्यात हाताने भरलेले रकाने. रशियन लिपीतले इ, श, म, त हाताने लिहिले की नुसत्या उभ्या काड्या दिसतात. त्या मोजत वाचायचं. रशियनमध्ये आपला 'ह' नाही, त्याचा 'ख' होतो, वर आडनावालाही विभक्ती लागते. पासपोर्टशी ताडून नाव जुळवायला तासभर गेला. हे मशीनवर सोडता येत नाही, आणि 'गूगलवर होतं की' म्हणणाऱ्यांना कळत नाही.

छापील मजकुरात एक शब्द होता, 'दब्रवोल्ना'. स्वेच्छेने. शेवटी मुलाची सही, देवनागरीत.

मुदत: 1 वर्ष. मामांनी बोटं मोजली. "म्हणजे फेब्रुवारीतच संपलं की!"

नव्हतं संपलं. पुतिन यांनी 21 सप्टेंबर 2022 ला युक्रेन युद्धासाठी अंशतः सक्तीच्या लष्करभरतीचा हुकूम काढला, क्रमांक 647. त्याच्या चौथ्या कलमानुसार सैनिकांचे करार त्या भरतीचा काळ संपेपर्यंत चालूच राहतात. सुटका वयोमर्यादा, प्रकृती किंवा कैदेची शिक्षा झाली तरच. 3 लाख माणसं भरून झाल्याचं संरक्षणमंत्री शोइगू यांनी त्याच ऑक्टोबरात सांगितलं; काळ संपल्याचा हुकूम मात्र निघाला नाही. भरती केलेल्या रशियन सैनिकांच्या बायकांनी 2023 मध्ये 'पूत् दमोय', घरची वाट, नावाची चळवळ काढली, क्रेमलिनच्या भिंतीपाशी अज्ञात सैनिकाच्या समाधीवर फुलं वाहिली. 2024 मध्ये चळवळीवर सरकारचा 'परदेशी एजंट'चा शिक्का बसला. घरच्यांची ही गत, तिथे आपला पोरगा कोण?

मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "या कागदावर कुठंय ते?"

कागदावर नव्हतंच. आणि मुळात नाही ते भाषांतरात घालायचं नाही. तळाशी 'मूळ मजकुराबरहुकूम' म्हणून सही माझी असते. मग मी हुकमाच्या दोन कलमांचं भाषांतर वेगळ्या कागदावर केलं, पैसे न लावता.

संध्याकाळी वकिलांचा फोन आला. "मॅडम, तो दुसरा कागद मी लावत नाही. मुदत संपली, एवढ्यावरच आपला अर्ज उभा आहे. हा आपल्याच अंगावर यायचा."

ते चुकले असं मला म्हणता येत नाही. पण करारावर '1 वर्ष' लिहून खाली शिक्का मारला तो मीच, आणि तेवढंच कोर्टात गेलं.